न्यू ऑर्लिन्स: बर्बन स्ट्रीट सोडून कुठे खाल
न्यू ऑर्लिन्सला तीन दिवस आहात आणि लोकल खायचंय म्हणताय ना, मग आधी बर्बन स्ट्रीट या पर्यटकांनी गजबजलेल्या रस्त्यावरून बाहेर पडा आणि मिड-सिटी भागातल्या पार्कवे बेकरीला जा, 1911 पासूनची जागा आहे, तिथे तळलेल्या कोळंबीचा पो-बॉय, म्हणजे लांब पावाचं तिथलं सँडविच, घ्या. "ड्रेस्ड" सांगा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, मेयो सगळं घालून देतात. पाव वरून इतका कुरकुरीत की टेबलभर चुरा पडतो, आतून एकदम हलका. आणि सोमवार मिळाला तर रेड बीन्स अँड राइस अजिबात सोडू नका, पूर्वी सोमवारी कपडे धुवायचे म्हणून रविवारच्या हॅमचं हाड घालून राजमा मंद आचेवर तासन्‌तास ठेवून द्यायचे, अजूनही बरीच हॉटेलं सोमवारी तेच करतात. व्हेज असाल तर विचारूनच घ्या हं.