लॉगिन पेजच्या व्ह्यू सोर्समधे आमच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता दिसतोय, काय करू?

रात्रपाळी_डेव्ह
नमस्कार मंडळी. आमच्याकडे कीक्लोक (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आहे आणि लॉगिनची थीम, म्हणजे पेजचं रूप, कीक्लोकिफाय (कीक्लोकची थीम रिअ‍ॅक्टमधे लिहायचं टूल) वापरून रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत केलीय. काल सहज पेजचं व्ह्यू सोर्स (ब्राउझरला आलेलं कच्चं एचटीएमएल) उघडलं तर स्क्रिप्ट टॅगमधे केसीकॉन्टेक्स्ट नावाचा लांबच्या लांब ऑब्जेक्ट, त्यात क्लायंट (ज्या अ‍ॅपसाठी लॉगिन चाललंय ते), त्याच्या आत अ‍ॅट्रिब्यूट्स (त्या अ‍ॅपच्या सेटिंग्ज), आणि तिथे बॅकचॅनल लॉगआउटची (कीक्लोक ज्यावर अ‍ॅपच्या सर्व्हरला थेट लॉगआउट कळवतो ती) यूआरएल जशीच्या तशी, म्हणजे आतल्या नेटवर्कचं होस्टनेम पोर्टसकट! मी ते कुठल्याच कंपोनंटमधे वापरलेलं नाही, स्क्रीनवर पण दिसत नाही. मग आलं कुठून? पुढच्या आठवड्यात सिक्युरिटी ऑडिट आहे आणि मला घाम फुटलाय.

जुनाटजावावाला
घाम पुसा आधी. चालू क्लायंट सीक्रेट (अ‍ॅपचा स्वतःचा पासवर्ड) अ‍ॅट्रिब्यूट्समधे नसतं, कीक्लोक ते वेगळ्या कॉलममधे ठेवतो.

आता आलं कुठून ते. कीक्लोकची मूळ लॉगिन पेजेस फ्रीमार्करची (टेम्प्लेटमधे डेटा भरून एचटीएमएल बनवणारं टूल) असतात, सर्व्हरवर तयार होतात. टेम्प्लेटला भरपूर डेटा मिळतो पण टेम्प्लेट लिहिणारा जेवढं छापेल तेवढंच ब्राउझरकडे जातं. तुमची थीम रिअ‍ॅक्टची, ती ब्राउझरमधे रेंडर होते, तिला कुठल्या फील्डची गरज पडेल हे सर्व्हरला काय माहीत, म्हणून कीक्लोकिफाय तो अख्खा डेटा फिरून जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट करून पाठवतो. काही गोष्टी तो स्वतःच गाळतो, पण तुमच्या दृष्टीने खाजगी काय हे त्याला कसं कळणार?

आणि हे पेज लॉगिनच्या *आधीचं* आहे. क्लायंट आयडी माहीत असलेला कोणीही ते उघडू शकतो, पासवर्ड लागत नाही.

पोहे_आणि_पीआर
+१. नेक्स्ट जेएसमधे पण हाच घोळ, गेटसर्व्हरसाइडप्रॉप्समधून यूजरची अख्खी रो रिटर्न करायची आणि पेजवर फक्त नाव दाखवायचं. बाकीची रो एचटीएमएलमधल्या जेसनमधे आरामात बसलेली असते.

तुमच्या प्रश्नावर उपाय: वीटच्या (थीम बिल्ड करणारं टूल) कॉन्फिगमधे कीक्लोकिफायच्या प्लगिनला केसीकॉन्टेक्स्ट-एक्स्क्लूजन्स-एफटीएल असा ऑप्शन देता येतो. त्यात फ्रीमार्करचा तुकडा लिहायचा, पाथ (डेटामधली जागा) आणि की (फील्डचं नाव) तपासायची, नको असेल तर कन्टिन्यू, म्हणजे ते फील्ड सोडून पुढे. हे सर्व्हरवरच चालतं त्यामुळे ती व्हॅल्यू एचटीएमएलमधे येतच नाही. रिअ‍ॅक्टमधे डिलीट वगैरे करत बसू नका, तोवर डेटा पोचलेला असतो. जार (बिल्ड झालेल्या थीमची फाइल) कीक्लोकच्या प्रोव्हायडर्स फोल्डरमधे बदलून रीस्टार्ट करा, आणि मग इन्कॉग्निटोमधे परत व्ह्यू सोर्स बघा.

रात्रपाळी_डेव्ह
केलं! क्लायंटचे अ‍ॅट्रिब्यूट्स अख्खेच उडवले. यूआरएल गेली, पण पेज पांढरंफटक 😭 लोकलला सगळं नीट चालत होतं, टाइपस्क्रिप्टने पण चकार शब्द काढला नाही.

पोहे_आणि_पीआर
हेडरमधे क्लायंटचा लोगो दाखवताय का? लोगोयूआरआय (लोगोचा पत्ता) पण त्याच अ‍ॅट्रिब्यूट्समधे असतो. टाइप म्हणतो ऑब्जेक्ट आहे, लोकलच्या मॉकमधे (नकली डेटामधे) पण आहे, खऱ्या सर्व्हरवर तुम्हीच काढलाय, मग अनडिफाइन्डवर डॉट मारला की खेळ खल्लास. ऑप्शनल चेनिंग (डॉटऐवजी ?. लिहायचं, व्हॅल्यू नसली तरी कोड मोडत नाही) टाका.

जुनाटजावावाला
चेनिंगने पेज उघडेल पण लोगो येणार नाही. त्यापेक्षा अट उलटी लिहा: पाथ क्लायंट-अ‍ॅट्रिब्यूट्सचा असेल आणि की लोगोयूआरआय *नसेल* तर गाळ. एकेक नकोशी की शोधून काढत बसलात तर उद्या कोणी अ‍ॅडमिन कन्सोलमधून नवीन अ‍ॅट्रिब्यूट टाकेल आणि तो गुपचूप बाहेर जाईल. लॉगिन अ‍ॅक्शनच्या यूआरएलमधला सेशन कोड, टॅब आयडी बघून मात्र घाबरू नका, ते काढलंत तर फॉर्म सबमिटच होणार नाही. रेल्मचं (कीक्लोकमधला यूजर आणि क्लायंटचा वेगळा गट) नाव, क्लायंट आयडी तर अ‍ॅड्रेस बारमधेच दिसतात, ते लपवून काय मिळणार.

अजून एक, थीममधे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (सर्व्हरला कोडबाहेरून दिलेल्या सेटिंग्ज) वापरताय? कीक्लोकिफायमधे डिक्लेअर केलेले सगळे केसीकॉन्टेक्स्टच्या प्रॉपर्टीजमधे येतात, म्हणजे तेही सोर्समधे. नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असलं म्हणून सीक्रेट होत नाही. आमच्याकडे एकाने मेल सर्व्हिसची की तिथे ठेवलेली, सात महिने कोणाच्या लक्षात नाही. नंतर काढून भागत नाही, की बदलावी लागते.

रात्रपाळी_डेव्ह
उलटी अट लावली, लोगो आला, होस्टनेम गेलं 🙏 प्रॉपर्टीज बघितल्या, एक सपोर्टचा फोन नंबर आणि एक कॅप्चाची की निघाली. साइट की (जी पेजवर उघड असतेच) आहे का सीक्रेट ते बघून सांगतो, हात थरथरतायत.

रात्रपाळी_डेव्ह
साइट की आहे. चहा प्यायला चाललो.