मदत हवी आहे: विमा कंपनीचा एमडी-सीईओ नेमताना बोर्डाचा ठराव आधी की आयआरडीएआयची (विमा नियामक प्राधिकरणाची) मंजुरी?

जनरल इन्शुरन्स कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात काम करते. सध्याच्या एमडी-सीईओंची मुदत ३० सप्टेंबरला संपते. बोर्डाने '१ ऑक्टोबरपासून नेमणूक' असा ठराव करून मग आयआरडीएआयला कळवलं तर चालेल का? कंपनी निबंधकाकडे भरायच्या फॉर्मच्या मुदती कशा मोजायच्या? सीएफओ (वित्तप्रमुख) आणि चीफ रिस्क ऑफिसर (सीआरओ) यांनाही हेच लागू आहे का?

प्रतिसाद १
चालणार नाही. विमा कायदा १९३८, कलम ३४ए वाचा. एमडी, पूर्णवेळ संचालक, मॅनेजर किंवा सीईओ यांची नेमणूक, फेरनेमणूक आणि पदावरून काढणंसुद्धा पूर्वमंजुरीशिवाय अमलातच येत नाही. पगारातला बदलही त्यात आला. दर वर्षीची वाढ 'आपलं अंतर्गत काम' समजून दिली जाते आणि मग वसुलीची वेळ येते.

क्रम असा: नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीची (नेमणुका आणि पगार पाहणारी बोर्डाची समिती) शिफारस, 'फिट अँड प्रॉपर'ची (उमेदवार पदाला योग्य आहे का याची) छाननी, बोर्डाचा ठराव, मग अर्ज. ठराव बोर्डाच्या बैठकीतच करा. कंपनी कायद्याच्या कलम १७९ आणि त्याखालच्या नियमांमुळे केएमपीची (की मॅनेजेरियल पर्सोनेल, म्हणजे प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी) नेमणूक सर्क्युलेशनने, म्हणजे बैठक न घेता कागद फिरवून, करता येत नाही. छाननीत उमेदवाराच्या नावावर जुनी एजन्सी शिल्लक नाही ना, हे आवर्जून पाहा. कलम ४८एनुसार एजंट किंवा विमा मध्यस्थाला प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विमा कंपनीचं संचालक होता येत नाही.

प्रतिसाद २
मुदतींचा घोळ इथेच होतो, कारण दोन घड्याळं चालतात. एमजीटी-१४ (ठराव कळवण्याचा फॉर्म) ठरावाच्या तारखेपासून ३० दिवसांत. डीआयआर-१२ (संचालक आणि केएमपींमधल्या बदलाचा) नेमणुकीपासून ३० दिवसांत आणि एमआर-१ (एमडीच्या नेमणुकीचा) नेमणुकीपासून ६० दिवसांत. ठरावात १ ऑक्टोबर ही तारीख पक्की लिहिली आणि मंजुरी नोव्हेंबरमध्ये आली, तर जी नेमणूक झालीच नाही तिचे फॉर्म भरायची पाळी येते. वयाची सत्तरी उलटली असेल तर कंपनी कायद्यानुसार भागधारकांचा विशेष ठराव लागतो, तेही आत्ताच तपासा.

पगाराचा तक्ता अर्धवट पाठवू नका. स्थिर भाग, बदलता भाग, ईसॉप (कर्मचाऱ्याला मिळणारे शेअर्सचे पर्याय), मागे ठेवलेली रक्कम, मालस (न दिलेली रक्कम रोखणं) आणि क्लॉबॅकच्या (दिलेली रक्कम परत घेण्याच्या) अटी, सगळं हवं. प्राधिकरणाच्या नियमांनुसार वर्षाला ४ कोटींच्या वरचा भाग भागधारकांच्या खात्यातून जातो.

प्रतिसाद ३
सीएफओ आणि सीआरओंना ३४ए लागत नाही. ते केएमपी आहेत, त्यामुळे कमिटीची शिफारस, बोर्डाची नेमणूक आणि आयआरडीएआयला कळवणं. अपॉइंटेड अॅक्चुअरीचं (विमा जोखमीचं गणित पाहणारा नियुक्त तज्ज्ञ) मात्र वेगळं: तिथे प्राधिकरणाची मंजुरी हवी, आणि व्यक्ती इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्चुअरीज ऑफ इंडियाची फेलो हवी. सीआरओ किंवा कम्प्लायन्स प्रमुखाकडे विक्रीची जबाबदारी देऊ नका. हितसंबंध भिडतील अशी दोन पदं एकाकडे ठेवता येत नाहीत.

धागाकर्ती
आभारी आहे. मंजुरी ३० सप्टेंबरपर्यंत आलीच नाही तर?

प्रतिसाद २
कंपनी कायद्याच्या कलम २०३नुसार रिकामं पद भरायला ६ महिने मिळतात. पण मधल्या काळात कुणाला 'इन्टरिम सीईओ' करायचं किंवा आत्ताच्यांनाच तीन महिने वाढवून द्यायचे, तरी पूर्वमंजुरी लागतेच. म्हणून तो पर्यायी अर्जही आत्ताच तयार ठेवा.

धागाकर्ती
ठरावाचा मसुदा बदलला: 'प्राधिकरणाची मंजुरी मिळाल्याच्या किंवा प्रत्यक्ष रुजू होण्याच्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल ती.' बरोबर आहे?

प्रतिसाद १
बरोबर. त्यात 'प्राधिकरण घालील त्या अटींसह' एवढं जोडा आणि त्या अटी स्वीकारायचे अधिकार कमिटीला द्या. नाहीतर पगाराबद्दल एखादी अट आली की फक्त तेवढ्यासाठी पुन्हा बोर्डाची बैठक लावावी लागेल. नेमणूकपत्रातही हेच शब्द हवेत.