विषाणू पेशीत शिरून जिवाणू मारणार म्हणे, पण शिरणार कसा?

राघू: काल फॉरवर्ड आलेली पोस्ट वाचून डोकंच फिरलं. लॅबमध्ये घडवलेले विषाणू आता आपल्या पेशींत शिरून लपलेले जिवाणू मारणार, अँटिबायोटिक्स विसरा, असं ठोकून दिलंय. फेज, म्हणजे फक्त जिवाणूंवर हल्ला करणारे विषाणू, जिवाणू मारतात हे १९१७ पासून माहीत आहे, त्यावर वाद नाहीच. वाद पेशीच्या आतला आहे. टीबीचा जिवाणू मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या संरक्षक पेशीने, गिळला की आतल्या एका पुटिकेत (छोट्या पिशवीत) ठाण मांडतो आणि ती पुटिका लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या आम्लाने भरलेल्या पचनपिशवीला, जोडूच देत नाही. फेज गिळला गेला तर तो जातो वेगळ्या पुटिकेतून थेट लायसोसोमच्या आम्लात, तिथेच खलास. दोघांची गाठच पडत नाही, मग मारणार कोणाला?

मृण्मयी: गाठ घालून देता येते ना. २००२ मध्ये स्मेग्मॅटिस या टीबीच्या निरुपद्रवी भाऊबंद जिवाणूत टीएम४ नावाचा फेज भरून तो मॅक्रोफेजना गिळायला दिला होता, आतले टीबीचे जिवाणू बरेच घटले. नुसता फेज सोडला तेव्हा म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे अडचण फेजची नाही, त्याला पोचवण्याची आहे. आता लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थेंबपिशवीत भरून, किंवा फेजच्या कवचावर पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) चढवून पोचवायचे प्रयत्न चालू आहेत. आणि लंडनमध्ये उपचार झालेली, २०१९ मध्ये गाजलेली ती मुलगी विसरलात का? फुप्फुस बदललेलं, अ‍ॅब्सेसस हा टीबीच्या भाऊबंदांपैकी जिवाणू कुठल्याच औषधाला दाद देईना, तीन फेज दिले, त्यातल्या दोघांचं रिप्रेसर जीन काढून टाकलेलं म्हणजे ते जिवाणूत गप्प बसून न राहता त्याला फोडणारच. तिसरा, मडी नावाचा, कुजक्या वांग्यावर सापडलेला. जखमा भरल्या तिच्या.

राघू: पण संसर्ग पूर्ण गेला नव्हता, तेही लिहा की. आणि २००२ चा प्रयोग डिशमधल्या पेशींवर होता, फेजही साधाच, घडवलेला नव्हे.

चौकस: मुळात विषाणू मुद्दाम अंगात सोडायचा हेच मला पटत नाही. उद्या तो बदलला तर?

मृण्मयी: फेजला माणसाच्या पेशीत वाढताच येत नाही हो. ही भीती अस्थानी आहे.

दादासाहेब: हे सगळं करायची वेळ आली कोणामुळे? जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करणाऱ्यांमुळे. पेशंटनी कोर्स पूर्ण केले असते तर फेजबिज लागलेच नसते.

तन्वी: दादासाहेब, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि आता ऐकून घेणार नाही. माझ्या भावाला पहिल्यापासूनच रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, टीबी होता, दुसऱ्याकडून तसाच लागला होता. कोर्स अर्धवट सोडायला आधी कोर्स चालू तर व्हायला हवा ना? कॅनामायसिन या औषधाच्या इंजेक्शनांनी त्याला ऐकू येईनासं झालं, आई शेजारी उभी राहून हाक मारायची आणि हा ताटात बघत जेवत राहायचा. तरी एक डोस चुकवला नाही त्याने. आणि वॉर्डात येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारायचा, गोळ्या बुडवल्या होत्यास का.

दादासाहेब: तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण एका उदाहरणावरून नियम होत नाही. बुडवणारे मी स्वतः पाहिलेत.

तन्वी: का बुडवतात ते पाहिलंत? उलट्या, कान, पायांची आग. २०२२ पासून डब्ल्यूएचओ रेझिस्टंट टीबीलाही सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा कोर्स सुचवतंय. औषधच सोसवेल असं द्या की, मग माणसाला बोल लावा.

राघू: धागा फेजवर आहे.

तन्वी: असू दे. ज्याच्यासाठी फेज शोधताय तो माणूसही धाग्यात येणारच.

दादासाहेब: बरं, सगळ्यांना एका मापाने मोजायला नको होतं. पण बुडवणारे असतात, यावर मी ठाम आहे.

राघू: मृण्मयी, पोचवण्याचा मुद्दा मानतो, नाइलाजाने. पण अँटिबॉडीचं काय? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका केसमध्ये अ‍ॅब्सेससच झालेल्या ८१ वर्षांच्या रुग्णाला तेच तीन फेज दिले, आधी जिवाणू घटले आणि दोन महिन्यांत शरीरानेच अँटिबॉडी तयार करून फेज निष्प्रभ केले. टीबीचे उपचार सहा-सहा महिने चालतात.

मृण्मयी: म्हणूनच लायपोसोम, अँटिबॉडीपासूनही काही प्रमाणात आडोसा मिळतो. आणि लंडनच्या मुलीची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली होती, म्हणून तिथे निभावलं असेल, एवढं कबूल. माझं म्हणणं इतकंच, फेज अँटिबायोटिक्सच्या जोडीला द्या. अँटिबायोटिक्स विसरा हे त्या पोस्टवाल्याचं, माझं नव्हे.

राघू: मग मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?