पिल्लू ठेवताना रंग बघायचा की खाणं?

डार्बीकर
बॉल पायथन या पाळीव आफ्रिकी अजगराचं कुठलं पिल्लू विणीसाठी ठेवायचं, यावर परवा पेनसिल्व्हेनियाकरांनी इथे लिहिलं, "बॉल पायथनचं पिल्लू अंड्यातून डोकं काढतं तेव्हाच कळतं कुठलं ठेवायचं. नक्षी स्वच्छ आणि मादी असली की ठेवा, बाकीची विका." तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

डोकं काढलेलं पिल्लू अजून बलक पोटात ओढत असतं. बाहेर यायला एक-दोन दिवस, पुढे आठ-दहा दिवसांनी पहिली कात, मग पहिलं खाणं. खातं की नाही हे दिसायच्या आधीच तुमची निवड उरकलेली!

२०१९ मध्ये मी हेच केलं. सहा अंड्यांत एक पाईड, म्हणजे मोठे पांढरे पट्टे असलेल्या नक्षीची मादी, दुधासारखी पांढरी, पाठीवर तीन तपकिरी ठिपके. चार महिने तिने तोंड लावलं नाही. उंदराच्या पिल्लाचं डोकं चिमट्याने जबड्यात सरकवायचो आणि ती गिळेपर्यंत हात न हलवता बसायचो. जगली. २०२३ ला दीड किलोची झाल्यावर वीण घेतली. पाच पिल्लं झाली, त्यातल्या तिघांनी तसंच तोंड फिरवलं. खाण तशी माती. आता मदतीशिवाय सलग दहा वेळा खाल्ल्याशिवाय वहीत कुणापुढे "ठेवायचं" लिहीत नाही.

पेनसिल्व्हेनियाकर
पाच पिल्लांवरून खाण आणि माती? आई तुमच्या खोलीत वाढली, पिल्लंही त्याच खोलीत, त्याच टबात. दोष रक्ताचा की टबाचा, कसं ठरवलंत? मोठा मोकळा टब, दडायला जागा नाही, वर दिवसातून चारदा झाकण उघडून बघणं. मग कोण खाईल? माझ्याकडे लहान टब, ओलसर नारळाचा भुसा, उबेच्या बाजूला ३२ अंश, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. एकाने "खात नाही" म्हणून अर्ध्या किमतीत दिलेली मादी माझ्याकडे तिसऱ्या रात्री खायला लागली. आज १९०० ग्रॅमची आहे. आणि नक्षी बघायचीच नसेल तर साध्या रंगाचा पाळा. घाना-टोगोहून येतात की स्वस्तात.

इसारकाठ
खाण्यावर भांडताय, पण पेनसिल्व्हेनियाकर, तुमच्या फोटोतला तो बंबलबी नर स्पायडर नक्षीचाच आहे ना, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषांचा? त्याची पिल्लंही तुम्ही नक्षी बघूनच ठेवता?
माझ्याकडे एक स्पायडर होती, दुसऱ्याने नको म्हणून दिलेली. उंदीर समोर धरला की मान स्क्रूसारखी फिरायची, डोकं उलटं व्हायचं, झेप हवेत जायची. २०२२ मध्ये इथल्या जर्मन संशोधकांनी स्पायडर अजगरांचा आतला कान तपासला. तोल सांभाळणाऱ्या नलिकाच वेड्यावाकड्या निघाल्या. यावर निवडीचा प्रश्नच येत नाही. ही वीणच नको.

पेनसिल्व्हेनियाकर
झालं, आला स्पायडर! विषय काय, तुम्ही बोलताय काय. माझा नर सहा वर्षांचा आहे, खातो, वाढतो, जेमतेम डुलतो. कमी डुलणारी पिल्लं निवडत गेलं तर दोष कमी होईल. निवड म्हणतात ती हीच.

इसारकाठ
नाही होणार. डुलणं त्या नक्षीच्या जनुकालाच चिकटून आलंय. जवळपास अर्धी पिल्लं स्पायडर निघतात आणि कमी डुलणाऱ्या बापाच्या पोटी जोरात डुलणारी येतात. तुमच्या विकलेल्या पिल्लांपैकी किती डुलतात, कधी विचारलंत? तुम्हाला दिसतो तो घरातला एक. माझ्या दारात आली ती तुमच्यासारख्या कुणाचीतरी विकलेली.

पेनसिल्व्हेनियाकर
तोंड सांभाळून. मला ओळखत नाही तुम्ही.

कृष्णाकाठ
मी सांगली जिल्ह्यातला सर्पमित्र. आमच्याकडे विहिरीतली धामण पिशवीत घालून घरी ठेवली तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. पण तुमचे फोटो बघून इथली पोरं परदेशी अजगर मागवतात, ना पावती ना नोंद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी नोंदवावे लागतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही. अजगर वाढला की फोन मला येतो. म्हणून ठेवलेल्यांपेक्षा विकलेल्या पिल्लांचं आधी बोला. आमच्या वडिलांनी खिलार खोंड ठेवताना नुसता रंग कधी पाहिला नाही. चाल, खूर, आईचा स्वभाव, सगळं पाहायचे.

पेनसिल्व्हेनियाकर
खिलाराचं मला सांगू नका, माझं गाव माणदेशात. कोसा की काजळी, हा रंगाचाच प्रश्न पहिला असतो बाजारात.

कृष्णाकाठ
पहिला असतो, मान्य. पण दावं हातात घेण्याआधी बैल चालवून बघतात की नाही?

डार्बीकर
टबाचा मुद्दा मला मानावा लागेल, जिवावर येतंय तरी. उबवणीत सात अंडी आहेत, आज ५१ वा दिवस. अर्धी पिल्लं पेनसिल्व्हेनियाकरांच्या पद्धतीने ठेवतो, अर्धी माझ्या. कुणी कधी खाल्लं ते इथेच लिहीन. पण दहा वेळांची अट सोडणार नाही, आणि स्पायडरबाबत इसारकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत.

पेनसिल्व्हेनियाकर
अट तुमची तुम्हाला लखलाभ. माझी पाच खाण्यांची. डोकं काढताच निवडायचं हे चुकीचं लिहिलं होतं, मागे घेतो.
बंबलबीची वीण या मोसमापासून बंद. तो विकणार नाही, जगेल तोवर माझ्याकडेच राहील. इसारकाठ, हे तुमच्यामुळे नाही. काल रात्री त्याने चार झेपा चुकवल्या, शेजारी मुलगी उभी होती. म्हणाली, "बाबा, याला दिसत नाही का?"