मदत हवी आहे: क्लबच्या फॅन बोर्डावर निवड झाली आहे, गोपनीयतेच्या कागदावर सही करू का?

रंकाळ्यावरची

नमस्कार मंडळी,

मूळची कोल्हापूरची, सध्या मुक्काम उत्तर इंग्लंडमध्ये. इथल्या प्रीमियर लीगमधल्या एका फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट माझ्याकडे आहे. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना अंदाज येईल त्यांनी तो स्वतःपाशी ठेवावा.

२०२३-२४ च्या हंगामापासून लीगने प्रत्येक क्लबला फॅन अ‍ॅडव्हायजरी बोर्ड असणं बंधनकारक केलं आहे. चाहत्यांचे प्रतिनिधी आणि क्लबचे वरिष्ठ लोक एका टेबलावर बसतात आणि तिकिटांपासून मुताऱ्यांपर्यंत सगळ्यावर बोलणं होतं. आमच्या सपोर्टर्स ट्रस्टने, म्हणजे चाहत्यांच्या संघटनेने, यंदा माझं नाव पुढे केलं. बरं वाटलं. मग ईमेलने एक करार आला: बैठकीत जे दाखवलं किंवा बोललं जाईल ते बाहेर काढायचं नाही. मुदत नाही, अपवाद नाही. सही नसेल तर बैठकीला यायचं नाही.

घोडं इथेच अडलंय. सही केली तर ज्यांनी मला पाठवलं त्यांनाच काही सांगता येणार नाही. नाही केली तर आकडे दिसणार नाहीत, आणि आकडे हाताशी नसतील तर क्लबवाले माझं बोलणं रडगाण्यात जमा करणार.

विषय बरेच आहेत, पण पेटलेला एकच. तरुणांच्या सवलतीची वयोमर्यादा खाली आणायचं घाटतंय अशी कुजबुज आहे. आमच्या स्टँडमध्ये विशीतली मुलं आता मोजकीच दिसतात. जी येतात ती आईबापांच्या पैशावर किंवा दोन नोकऱ्या करून. पूर्ण दर लावले तर तीही घरी बसून बघतील. गेल्या वेळी दर वाढले तेव्हा ‘चाहत्यांशी सल्लामसलत करून’ असं पत्रक निघालं. ट्रस्टच्या लोकांना विचारलं तर कळलं की त्यांना बैठकीत दरांचा तक्ता दाखवला तेव्हा छपाईसुद्धा झाली होती. आपल्याकडच्या हाऊसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढतो ना, अगदी तसं.

बाकी दोन गोष्टी. तिकीट फक्त फोनवर. माझ्या रांगेतले एक आजोबा सत्तरी ओलांडलेले, साधा फोन वापरणारे. पुतण्या सोबत असेल तरच त्यांना मॅच. आणि टीव्हीसाठी सोमवारी रात्री आठला सरकवलेल्या मॅचेस. शेवटची ट्रेन पकडायची तर शेवटची दहा मिनिटं सोडून पळावं लागतं.

कुणी अशा बोर्डावर बसलं आहे का? सही करावी का? आणि मुख्य म्हणजे, दर ठरायच्या आधी त्यांना बोलायला लावायचं कसं?

---

सोमवारी_सुट्टी

वाचतोय. जाता जाता: मे महिन्यात नाशिकहून येतोय, एका मॅचचं तिकीट मिळेल का? जास्त पैसे द्यायला तयार आहे.

---

रंकाळ्यावरची

@सोमवारी_सुट्टी, धाग्याचा विषय काय, तुमचं काय! पण विचारलंच आहे तर: इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पकडलं गेलं तर ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याचं खातं क्लब बंद करतो. क्लबची मेंबरशिप घ्या, त्यांच्याच परतविक्रीच्या पानावर नजर ठेवा. इंटरनेटवरच्या दलालांच्या नादी लागू नका.

---

जुना_कोप

मी लिव्हरपूलजवळ राहतो, त्यामुळे इकडचं सांगतो. ६ फेब्रुवारी २०१६, अ‍ॅनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूल क्लबचं मैदान, समोर संडरलंड. नव्या मेन स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं होतं, म्हणून ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. तेव्हा २-० ने पुढे होतो, मॅच २-२ सुटली. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली, तो दर रद्द केला आणि दोन हंगाम दर गोठवले. त्याच वर्षापासून संपूर्ण प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला, म्हणजे पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला, ३० पौंडांची मर्यादा आली. तीही चाहत्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून. क्लबांना एका सकाळी उपरती झाली वगैरे काही नाही.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळी सुपर लीग काढायचा घाट घातला होता, त्या प्रकरणानंतर आमच्याकडे सपोर्टर्स बोर्ड बसलं, देशातल्या बळकट बोर्डांपैकी एक मानतात. तरीही २०२४ मध्ये २ टक्के वाढ जाहीर झाली आणि बोर्डाचं म्हणणं होतं की आमच्याशी नीट सल्लामसलत झालीच नाही. एप्रिलमध्ये इटलीच्या अटलांटाविरुद्धच्या मॅचला कोपवर, म्हणजे आमच्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडवर, झेंडे लागले नाहीत. कोप झेंड्यांशिवाय कसा दिसतो ते टीव्हीवर जगाने पाहिलं. २०२५-२६ साठी दर गोठवले.

सांगायचं एवढंच की बोर्डावर बसा, पण बाहेरचं आंदोलन मोडीत काढून बसू नका. आत बोलणाऱ्याच्या मागे स्टँड उभा आहे हे क्लबला दिसत राहिलं पाहिजे.

---

काळा_कोट

सही सरसकट करू नका, सरसकट नाकारूही नका. करार हा मसुदा असतो, त्यात बदल मागता येतात. मी असतो तर हे मागितलं असतं:

ज्या कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे तेवढंच गोपनीय, बाकी सगळं खुलं. गोपनीयता क्लबची अधिकृत घोषणा होईपर्यंतच, पुढे नाही. ट्रस्टच्या कार्यकारिणीतल्या ठरावीक लोकांशी बोलायची मुभा, हवं तर त्यांच्याही सह्या घ्या म्हणावं. आणि बैठकीचं इतिवृत्त दोन्ही बाजूंनी मंजूर करून ठरलेल्या मुदतीत वेबसाइटवर. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ‘आम्ही विरोध नोंदवला’ हे वाक्य इतिवृत्तात आलं की पत्रकात तुमचं नाव संमती म्हणून वापरता येत नाही.

‘क्लबची बदनामी होईल असं बोलणार नाही’ असं एखादं कलम आत दडलेलं आहे का तेही बघा. असेल तर ते काढल्याशिवाय पेन उचलू नका. नाहीतर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये तिकडे फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. क्लबने चाहत्यांचा नियमित सल्ला कशाकशावर घ्यायचा त्या यादीत मॅचच्या दिवसाचं कामकाज आहे आणि तिकिटांचे दर नाव घेऊन आहेत. सल्ला म्हणजे संमती नव्हे, हेही तितकंच खरं. पण पत्रात कायद्याचा उल्लेख केला की उत्तर वेगळ्या टेबलावरून येतं असा माझा अनुभव.

---

पेठेतला

ताई, आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली तर बोर्ड-बिर्ड काय नाही. तालमीचा माणूस कट्ट्यावरच सापडतो, तिथंच त्याला धरून विचारायचं. तुमच्या मालकाचा कट्टा कुठाय तेवढं शोधा 😀

---

पिवळी_भिंत

डॉर्टमुंडहून. इथे साउथ स्टँडवर जवळपास २५ हजार लोक उभे राहून मॅच बघतात आणि मॅचच्या तिकिटावर शहराची ट्रेन-बस चालते. तुमच्या सोमवारच्या मुद्द्यासाठी हे उदाहरण वापरा. बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, सोमवारच्या मॅचेस होत्या, चाहत्यांनी इतकी वर्षं विरोध केला की २०२१-२२ पासून बंद झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत तर मैदानावर टेनिस बॉल फेकून मॅचेस थांबवल्या आणि लीगने गुंतवणूकदार आणायची योजना गुंडाळली.

पण एक फरक लक्षात ठेवा. इथे ५०+१ नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं. तुमच्याकडे मत नाही, त्यामुळे तुमच्या हातात फक्त वेळ आहे. ‘दर कमी करा’ असं पहिल्या बैठकीत म्हणू नका. पहिल्या बैठकीत एकच मागा: पुढच्या हंगामाचे दर संचालक मंडळासमोर कोणत्या तारखेला जाणार? ती तारीख लेखी घ्या आणि त्याच्या आधीची बैठक दरांसाठी राखून ठेवा. तारीख द्यायला कुणी नकार दिला तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

---

जुना_कोप

@पिवळी_भिंत +१. आणि आकडे तुम्ही गोळा करत बसू नका, ते क्लबकडेच आहेत. प्रत्येक तिकीट गेटवर स्कॅन होतं. तरुणांच्या सवलतीची किती तिकिटं विकली, त्यातली किती वापरली गेली, वयोमर्यादा बदलून नेमकी किती रक्कम वाढणार, हे विचारा. इथे २०२५ पासूनचा देशांतर्गत टीव्ही करार चार वर्षांचा ६.७ अब्ज पौंडांचा आहे. त्याच्या शेजारी ती रक्कम ठेवली की खोलीत जरा शांतता पसरते.

आजोबांसाठी: बऱ्याच क्लबांत मागितलं तर प्लास्टिकचं कार्ड मिळतं, जाहिरात करत नाहीत एवढंच. बैठकीची वाट कशाला बघता, तिकीट ऑफिसला लेखी अर्ज करा आणि अपंगत्व किंवा आजारपण असेल तर २०१० च्या समानता कायद्याचा उल्लेख करा.

---

रंकाळ्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. @पेठेतला, मालकाचा कट्टा परदेशात आहे, तिथवर माझी धाव नाही.

@काळा_कोट, कागद पुन्हा वाचला. बदनामीचं कलम आहे, ‘प्रतिष्ठेला बाधा’ अशा शब्दांत, शेवटून दुसऱ्या पानावर. ते काढा आणि इतिवृत्ताची मुदत घाला, असं पत्र ट्रस्टच्या सचिवांच्या सहीने जातंय, माझ्या एकटीच्या नाही. तोवर सही नाही. ट्रस्टमधल्या काहींचं म्हणणं आहे की क्लब माझ्या जागी एखादा होयबा शोधेल. शोधू दे, पण मग ट्रस्टने पाठवलेला प्रतिनिधी म्हणून त्याला मिरवता येणार नाही.

दर कधी ठरतात हे विचारणारं वेगळं पत्र आजच टाकते. आजोबांचा अर्ज पुतण्याने भरलाय.

आता एकच हवं आहे: इथे कुणाच्या क्लबच्या बोर्डाचं इतिवृत्त वेबसाइटवर येतं का? विरोधाची नोंद त्यात कशी लिहितात ते बघायचं आहे. दुवा इथेच द्या किंवा व्यनि करा.