मदत हवी आहे : शाफ्टच्या मोटारसायकलची तेले घरी बदलताना

माझ्याकडे बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस ही २०१० सालची, हवा आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी आहे. हिचे मागचे चाक साखळीऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने चालते. हिचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडलेला असल्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाजवळचा फायनल ड्राइव्ह (शाफ्टची गती चाकाला देणारा गिअर संच) या तिन्हींचे तेल वेगवेगळे असते. इंजिन ऑइल मी स्वतः बदलतो. फायनल ड्राइव्हला मात्र अद्याप हात लावलेला नाही.

तिथे जीएल-५ दर्जाचे, ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे गिअर तेल सुमारे १८० मिलीच लागते. इतक्या थोड्या तेलात चूक झाली तर सील आणि बेअरिंग दोन्ही धोक्यात येतील, ही माझी खरी काळजी आहे. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने मोजून भरणे पुरेसे अचूक ठरते का, आणि जुने तेल पूर्ण निथळावे म्हणून गाडी थोडी चालवून, तेल कोमट असतानाच बोल्ट उघडावा का? त्याच्या चुंबकावर बारीक करडा लगदा जमणे स्वाभाविक आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु धातूचे कण किती मोठे दिसले म्हणजे ड्राइव्ह उघडून तपासावा?

शिवाय, डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते. रत्नागिरीच्या दमट हवेत ते दरवर्षी बदलावे का? एबीएस असलेल्या या गाडीत ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढण्याचे काम ज्यांनी घरी केले आहे, त्यांनी क्रम सविस्तर लिहावा, ही विनंती.