बादलीचं शहाणपण आम्हाला नको

शहापूरचा गडी:
काल टिळकवाडीच्या एका साहेबांनी लिहिलं, 'शॉवर सोडा, बादली घ्या, दाढी करताना नळ बंद ठेवा. बेळगावकरांना पाण्याची किंमतच नाही.' वाचून डोकं फिरलं. शॉवर कुणाकडं आहे हो? आमच्या गल्लीत पाणी कधी मध्यरात्री सुटतं, कधी पहाटे. घरातलं एक माणूस जागं राहतं. पिंप, हंडे, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतो. तांदळाचं धुवण झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. आमच्या आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. नळाला मीटर नाही म्हणून गाड्या धुणाऱ्यांना शिकवा की!

टिळकवाडीकर:
मीच तो साहेब. नळ आला की कालचं भरलेलं पिंप 'शिळं' म्हणून मोरीत कोण उपडं करतं? झाकलेलं पाणी एका रात्रीत नासत नाही. डासाच्या अळीसाठी आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं केलं की झालं.

शहापूरचा गडी:
उद्या पाणी येणार की परवा, ते पाणी सोडणाऱ्या वॉलमनला माहीत. मग ताजं भरायला भांडं रिकामं करावंच लागतं. शहरातल्या काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास वर्ल्ड बँकेच्या पैशानं चोवीस तास पाणी आलं, मीटरसकट. तुम्ही त्यातले. साठवतच नाही, तर ओतणार काय? सवयी सुधारायच्या तर आधी नळ सुधारा.

खानापूरची सून:
शिळ्या पाण्याचं मला विचारा. सासूबाईंना कालच्या घागरीतलं पाणी देवाला चालत नाही, चहालाही नाही. भांडून उपयोग झाला नाही. आता घागर मोरीत न ओतता परसातल्या बॅरलमध्ये ओतते, त्यात भांडी निघतात. त्यांचं सोवळं शाबूत, माझं पाणी शाबूत. आणि पाऊस पडतो आमच्याकडं, पण म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या २०१८ च्या निवाड्यात आमच्या तालुक्यातल्या कळसा-भांडुरा नाल्यांचं ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर झालं ते हुबळी-धारवाडच्या पिण्यासाठी. त्यावर कुणी पोस्ट टाकूलालंय का?

टिळकवाडीकर:
ताई, विषय घरातला आहे. म्हादई काढली की रात्र जाते.

खानापूरची सून:
आमच्या घरातलंच आहे ते. तुमच्या राकसकोप धरणाचं पाणीही आभाळातूनच येतं ना?

अनगोळचा बोअरवाला:
सगळे बादली-घागर घेऊन बसलेत. जुन्या फ्लशची टाकी एका दट्ट्यात १०-१२ लिटर सोडते. आत पाणी भरलेली बाटली ठेवा, तेवढं वाचतं. आणि ते पाणी शुद्ध करायचं यंत्र, आरओ! एक लिटर प्यायला तीन-एक लिटर गटारात. धरणाच्या नळाला आरओ कशाला? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथं आरओ नको, असं हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं.

शहापूरचा गडी:
हे मात्र पटलं. साहेब, आहे का घरी आरओ?

टिळकवाडीकर:
आहे. मुलानं बसवला. त्याचं बाहेरचं पाणी फरशी पुसायला घेतो, वाया घालवत नाही.

अनगोळचा बोअरवाला:
दिवसाला किती फरशी पुसता साहेब? माझ्या बोअरच्या आरओचं बाहेरचं पाणी फरशीवर सांडलं की पांढरे डाग पडतात. या एकदा अनगोळला, ते घासून जावा.